वाऱ्यातील खांबाचे गणित : एका रूढ उदाहरणाची चिकित्सा

पदार्थबलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘संयुक्त प्रतिबले’ या प्रकरणाच्या अखेरीस एक उदाहरण बहुधा ठरल्याप्रमाणे आढळते. जमिनीत पक्का रोवलेला एक पोकळ वर्तुळाकृती खांब. त्याच्या माथ्याशी एका बाजूस बाहेर आलेला आयताकृती फलक. आणि फलकावर काटकोनात आदळणारा वारा. वाऱ्याचा दाब प्रश्नातच दिलेला असतो. खांबाच्या बुडाशी परिघावरील दोन बिंदू निवडून तेथील प्रमुख प्रतिबले व महत्तम कर्तन-प्रतिबल काढावे, असा प्रश्न विचारला जातो. आकडे बदलून हेच उदाहरण परीक्षांतूनही येते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते सोडवीत आल्या आहेत.

या उदाहरणात काही चूक आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. एकाच वस्तूवर नमन, पीळ, कर्तन आणि अक्षीय भार हे चारही परिणाम एकदम घडवून आणणारे इतके साधे उदाहरण दुसरे मिळणे कठीण. आक्षेप आहे तो त्यातील श्रमांच्या वाटणीसंबंधी. जेथे अनिश्चितता सर्वांत थोडी तेथे विद्यार्थ्याचे बहुतेक श्रम खर्ची पडतात. आणि खांबाचे भवितव्य ज्या प्रश्नांवर ठरते ते प्रश्न एक तर प्रश्नकर्त्याने आधीच सोडवून दिलेले असतात, किंवा मुळी उपस्थितच होत नाहीत. वारा किती धरावा, कोणता छेद तपासावा आणि खांब कोठे संपतो, असे हे तीन प्रश्न होत. हा आक्षेप शब्दांनी नव्हे तर आकड्यांनीच सिद्ध व्हावयास हवा. म्हणून त्याच जातीचे एक उदाहरण आपण आरंभी रीतसर सोडवू.

१

पोलादी नळीचा बाह्य व्यास २७३ मिमी, जाडी ८ मिमी व खांबाची उंची ७ मीटर समजू. फलक ३ मीटर रुंद व १.५ मीटर उंच असून त्याचा मध्य जमिनीपासून ६.२५ मीटर उंचीवर आणि खांबाच्या अक्षापासून २ मीटर अंतरावर आहे. वाऱ्याचा वेग मुंबईसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेला, म्हणजे सेकंदास ४४ मीटर, घेतला आणि भूप्रदेश, उंची इत्यादींचे गुणक सोयीसाठी एक मानले, तर वेगाच्या वर्गास ०.६ ने गुणून दाब चौरस मीटरला ११६२ न्यूटन येतो. फलकाच्या आकाराबद्दल १.२ हा गुणक लावला की तो सुमारे १.४ किलोन्यूटन होतो. फलकाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर आहे. तेव्हा त्यावरील बल ६.३ किलोन्यूटन.

येथून पुढील वाट मळलेली आहे. बुडाशी नमन-परिबल ३९.४ किलोन्यूटन-मीटर, पिळाचे परिबल १२.६ किलोन्यूटन-मीटर आणि कर्तन-बल ६.३ किलोन्यूटन. वाऱ्याच्या बाजूस असलेल्या बिंदूस ‘अ’ म्हणू. तेथे नमनामुळे ९१.८ न्यूटन प्रति चौरस मिमी इतके ताण-प्रतिबल येते. (यापुढे प्रतिबलाचे सर्व आकडे याच एककात आहेत.) खांब व फलक यांचे मिळून वजन सुमारे ५.२ किलोन्यूटन धरले तर त्याचे दाब-प्रतिबल अवघे ०.८ भरते, ते वजा जाता ९१.० उरतात. पिळाचे कर्तन-प्रतिबल १४.७. यांचे संयोजन केले असता प्रमुख प्रतिबले ९३.३ ताण व २.३ दाब अशी येतात. महत्तम कर्तन-प्रतिबल ४७.८.

फलकाच्या बाजूस, ‘अ’ पासून ९० अंशांवर, असलेल्या बिंदूस ‘ब’ म्हणू. तो वाऱ्याच्या नमनाच्या उदासीन अक्षावर आहे. तेथे पिळाचे १४.७ आणि सरळ कर्तनाचे १.९ यांची बेरीज होऊन १६.६ हे कर्तन-प्रतिबल मिळते. सामान्य पोलादाची यील्ड मर्यादा २५० असल्याने खांब सुरक्षित ठरतो आणि उत्तर तेथेच संपते.

२

आता या आकड्यांचे तारतम्य पाहू. पोलादासारख्या तन्य धातूच्या बाबतीत महत्तम प्रमुख प्रतिबलाची कसोटी लावणे योग्य नव्हे, हे सर्वमान्य आहे. त्रेस्का यांची १८६४ मधील किंवा मिझेस यांची १९१३ मधील कसोटी लावावयास हवी. ‘अ’ येथे मिझेसच्या कसोटीने तुल्य प्रतिबल ९४.५ येते, त्रेस्काच्या कसोटीने ९५.६, आणि नुसते प्रमुख प्रतिबल घेतले तर ९३.३. तिन्ही उत्तरांत अडीच टक्क्यांहून अधिक फरक नाही. पीळ मुळीच धरला नसता तर उत्तर ९१.० आले असते. म्हणजे ज्या पिळासाठी मोरचे वर्तुळ काढावयाचे, त्याने उत्तरात मिझेसच्या हिशेबाने चार टक्क्यांची भर घातली. ‘ब’ बिंदूचे तुल्य प्रतिबल ३० च्या आसपास आहे, ‘अ’ च्या एक-तृतीयांशाहून किंचित कमी. तरीही उत्तरपत्रिकेतील निम्मी जागा ‘ब’ घेतो.

या उलट, जे उदाहरणात नाही त्याचा हिशेब करू. वारा फलकावर जसा वाहतो तसा खांबावरही वाहतो. खांबाची वाऱ्यासमोरील बाजू १.९ चौरस मीटर आहे. वर्तुळाकृतीबद्दल ०.७ हा गुणक धरला तर खांबावर १.५५ किलोन्यूटन बल येते. ते साडेतीन मीटर उंचीवर कार्य करीत असल्याने नमन-परिबल ५.४ किलोन्यूटन-मीटरने वाढते व बुडाशी १२.७ इतके प्रतिबल अधिक पडते. मोठ्या साक्षेपाने संयोजित केलेल्या पिळाने ३.५ ची भर घातली आणि न विचारलेल्या गोष्टीने १२.७ ची! काही ग्रंथकार ‘खांबावरील वारा उपेक्षणीय समजावा’ असे एक वाक्य घालून मोकळे होतात. परंतु उपेक्षणीय काय व काय नव्हे हे ठरविणे हेच तर अभियंत्याचे काम आहे. ते काम प्रश्नकर्त्याने करून टाकले, आणि येथे तरी चुकीचे केले.

वाऱ्याच्या दिलेल्या दाबाचीही गोष्ट तशीच. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्याच मानकात पुण्यासाठी वेग ३९ मीटर आहे, मुंबईसाठी ४४; वेगातील फरक १३ टक्के, दाबातील २७. पुण्यात उभा असलेला खांब आहे तसा मुंबईस नेला तर त्याची सर्व वातजन्य प्रतिबले पावपटीहून अधिक वाढतात. शिवाय हे वेग तीन सेकंदांच्या झोताचे आहेत. उघड्या मैदानी प्रदेशात तीन सेकंदांचा झोत हा ताशी सरासरीच्या साधारण दीडपट असतो. ज्याने सरासरी वेगाचा आकडा झोताच्या जागी घातला त्याचा दाब सव्वादोन पटीने कमी येईल, आणि मोरच्या वर्तुळाची कितीही सुबक आकृती ती उणीव भरून काढू शकणार नाही.

न्यायाने एक गोष्ट उदाहरणाच्या बाजूने सांगितली पाहिजे. अध्यारोपणाचे तत्त्व येथे निःशंकपणे लागू पडते. फलकावरील बलाने त्या उंचीवर खांब ४४ मिमी झुकतो. सारे वजन तितके सरकले असे मानले तरी त्यामुळे उद्भवणारे जादा परिबल पाव किलोन्यूटन-मीटरहून कमी आहे. फलक व त्याचा आधार यांचे वजन १.५ किलोन्यूटन धरून त्याचे बाजूचे परिबल ३ किलोन्यूटन-मीटर येते. ते वाऱ्याच्या परिबलाशी काटकोनात असल्याने वर्तुळाकृती छेदात दोहोंचे सदिश संयोजन होते व महत्तम नमन-प्रतिबल ९१.८ ऐवजी ९२.१ होते. त्याचा बिंदू मात्र ‘अ’ वरून चार अंशांनी ढळतो. चौकोनी नळी असती तर कोपऱ्यावर दोन्ही प्रतिबलांची सरळ बेरीज झाली असती. महत्तम प्रतिबलाचा बिंदू प्रश्नकर्ता देत नसतो, तो शोधावा लागतो, हा धडा या लहानशा ढळण्यात आहे. दोन बिंदू आयते देऊन उदाहरण तो धडा हिरावून घेते.

३

दुसरा प्रश्न छेदाचा. उदाहरणातील छेद अखंड नळीचा आहे. रस्त्यावरील खांब पाहावा : बुडापासून हातभर उंचीवर तारा जोडण्यासाठी कापलेले एक दार असते, आणि त्याखाली नळी बेस प्लेटला वेल्ड केलेली असते. जेथे नमन-परिबल जवळजवळ महत्तम, नेमके तेथेच छेद दुर्बळ केलेला.

पिळाचे खरे महत्त्व येथे प्रकट होते. बंद नळी पिळाला फार समर्थ असते, कारण कर्तनाचा प्रवाह परिघाभोवती अखंड फिरतो. तीच नळी उभी चिरली की हा प्रवाह तुटतो. आपल्या नळीत १२.६ किलोन्यूटन-मीटर पिळाने सरासरी १४.३ कर्तन-प्रतिबल येते. तीच नळी बुडापासून माथ्यापर्यंत चिरलेली असेल तर सूत्राप्रमाणे तेच प्रतिबल ७०९ येईल, म्हणजे सुमारे ५० पट. अर्थात दार म्हणजे पूर्ण चीर नव्हे. त्याच्या वरची व खालची अखंड नळी छेदाला मोकळेपणी मुरडू देत नाही, म्हणून ७०९ हा आकडा प्रत्यक्षात येत नाही. परंतु मुरडीला झालेल्या या अटकावामुळेच दाराच्या कोपऱ्यांशी नवी सरळ प्रतिबले उत्पन्न होतात. ती नमनाच्या प्रतिबलांत मिसळतात, आणि कोपरे गोल केलेले नसतील तर स्थानिक केंद्रीकरणाने आणखी वाढतात. ज्या पिळाने अखंड छेदात चार टक्केच भर घातली तोच पीळ दारापाशी निर्णायक होऊ शकतो. पिळाला क्षुल्लक ठरविण्याचा येथे हेतू नाही. ज्या जागी तो घातक आहे त्या जागी उदाहरण पाहतच नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

वेल्ड केलेल्या सांध्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे, कारण त्यात काळ येतो. उदाहरणातील वारा एकदा येतो आणि स्थिर राहतो. खरा वारा झोतांनी येतो व प्रतिबल सतत खालीवर करीत राहतो. अशा आवर्तनांनी धातूला जो शिणवटा येतो त्याच्याशी यील्ड मर्यादेचा संबंध थोडा. महत्त्व आहे ते प्रतिबल किती पल्ल्यात खालीवर होते यास. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने २००१ मध्ये फलक व दिव्यांच्या खांबांविषयीच्या आपल्या विनिर्देशात शिणवट्याचा विचार अंतर्भूत केला. बेस प्लेटमध्ये बसवून फिलेट वेल्डने जोडलेल्या नळीचा सांधा त्यात ज्या कमकुवत वर्गात घातला, त्या वर्गाची दीर्घायुष्याची मर्यादा केवळ १८ आहे.

हा आकडा आपल्या खांबास लावून पाहावा. खांबावरील वारा धरता नमन-प्रतिबल ४४ मीटर वेगास १०४.५ आहे. वर्गाच्या नियमाने १८ इतके प्रतिबल सेकंदास १८.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर, वेगाच्या झोतास येते. ५० वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या वादळासाठी अडीचपट सुरक्षित ठरलेला खांब, शांततेतून उठणाऱ्या अशा प्रत्येक झोताने शिणवट्याची मर्यादा गाठतो. आणि असे झोत पावसाळ्यात काही दुर्मिळ नव्हेत. ज्या प्रतिबलाकडे पाहून विद्यार्थी निश्चिंत झाला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रतिबल, पुनःपुन्हा आल्यास, वेल्डच्या कडेशी तडा पाडण्यास पुरे होते.

‘ब’ बिंदूची कथाही येथे पालटते. वर्तुळाकृती खांबाच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात व खांबाला वाऱ्याच्या आडव्या दिशेने हेलकावे देतात. त्यांची वारंवारता वेगाच्या प्रमाणात व व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. तिचा गुणांक, ज्यास स्ट्रौहल यांचे नाव आहे, वर्तुळास सुमारे ०.२ इतका भरतो. फलक चढविण्यापूर्वी आपल्या नुसत्या खांबाची नैसर्गिक वारंवारता सेकंदास ५.४ आवर्तने येते. भोवऱ्यांचा मेळ तिच्याशी ७.४ मीटर वेगास बसतो. ताशी २७ किलोमीटरचा हा वारा कोणी वादळ म्हणणार नाही. आणि आडव्या हेलकाव्यात नमन-प्रतिबल महत्तम कोठे होते? ‘ब’ येथे. ज्या बिंदूस उदाहरणाने उदासीन अक्षावर बसविले तोच बिंदू मंद वाऱ्यात शिणवट्याचा धनी होतो.

४

तिसरा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : खांब कोठे संपतो? उदाहरणात तो जमिनीच्या रेषेशी संपतो. तेथे काही तिरप्या रेघा काढलेल्या असतात व त्यांचा अर्थ ‘पक्के रोवलेले’ असा घ्यावयाचा असतो. बुडाशी आलेले ४४.८ किलोन्यूटन-मीटर परिबल या रेघांनी निमूटपणे गिळावे अशी अपेक्षा असते.

या रेघांच्या जागी दीड मीटर लांब, रुंद व खोल असा काँक्रीटचा ठोकळा घालू. त्याचे वजन ८१ किलोन्यूटन, खांबासह ८६.२. एकूण वातबल ७.८५ किलोन्यूटन असल्याने ठोकळ्याच्या तळाशी उलथविणारे परिबल ५६.६ किलोन्यूटन-मीटर होते. बाजूच्या मातीचा आधार धरला नाही तर उलथण्यास विरोध करणारे परिबल ६४.६ आहे, म्हणजे सुरक्षा-गुणक १.१४. परिणामी बल ठोकळ्याच्या मध्यापासून ६६ सेंटिमीटर ढळून कडेपासून अवघ्या ९ सेंटिमीटरवर येते, आणि कडेखालच्या मातीवरील दाब चौरस मीटरला ४१० किलोन्यूटनपर्यंत चढतो. सामान्य मातीला हा दाब झेपणारा नव्हे.

दोन आकडे शेजारी ठेवावेत. पोलाद यील्ड मर्यादेस पोहोचण्यास वाऱ्याचा वेग ५२ टक्क्यांनी वाढावा लागेल; असा ठोकळा उलथण्यास ७ टक्के पुरेत. इतका अरुंद ठोकळा जाणत्याने घालू नये हे खरे. परंतु उदाहरणाच्या उत्तरात त्याला अडविणारे एक अक्षरही नाही.

या विषमतेमागे एक तत्त्व आहे, आणि संयुक्त प्रतिबलांच्या प्रकरणात ते ठळकपणे यावयास हवे. दोन परिणामांची बेरीज होत असेल तर एकातील चूक उत्तरात सौम्य होऊन उतरते. वजाबाकी होत असेल तर तीच चूक कित्येक पटींनी वाढते. स्थिर वजनाने १० एकके दाब व वाऱ्याने १२ एकके ताण असेल तर निव्वळ ताण २ एकके. वाऱ्याचा दाब २० टक्क्यांनी वाढला की वाऱ्याचा ताण १४.४ होतो आणि निव्वळ ताण ४.४, म्हणजे दुपटीहून अधिक. इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे १ नोव्हेंबर १९६५ रोजी ११४ मीटर उंचीच्या आठ शीतक-मनोऱ्यांपैकी तीन वाऱ्याने कोसळले. चौकशीत जे दोष उघड झाले त्यांत झोताऐवजी अधिक काळाची सरासरी धरणे हा एक होता, आणि मनोऱ्यांच्या समूहामुळे मागच्या मनोऱ्यांवर वाढलेला क्षोभ लक्षात न घेणे हा दुसरा. वजनाचा दाब व वाऱ्याचा ताण यांच्या वजाबाकीवर मनोऱ्यांच्या कवचाची भिस्त असल्याने भारातील चूक निव्वळ ताणात कितीतरी मोठी होऊन उतरली. सुरक्षा-गुणक संयोजनानंतरच्या प्रतिबलास न लावता संयोजनापूर्वीच्या भारास लावावा, हा त्या घटनेचा बोध होय. पोलादी खांबात वजनाचे प्रतिबल ०.८ असल्याने तेथे हा भेद दिसत नाही. त्याच खांबाच्या पायात तो सर्वस्वी निर्णायक आहे.

या चिकित्सेचा विषय केवळ अध्यापनाच्या सोयीचा नव्हे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेची मीमांसा येथे करावयाची नाही; परंतु फलक, खांब आणि वारा हे तीन शब्द पाठ्यपुस्तकात जितके निरुपद्रवी दिसतात तितके ते रस्त्यावर नसतात, हे विसरून चालणार नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. पाठ्यपुस्तकाचे काम तत्त्व शिकविणे हे आहे. झोत, शिणवटा व पाया यांसाठी मानके आणि पुढील वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. पहिल्याच पायरीवर सर्व ओझे लादले तर विद्यार्थी गांगरून जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. संयोजनाची रीत हातवळणी पडल्यावाचून पुढचे काहीच साधत नाही, आणि साधे उदाहरण साधे असल्यामुळेच उपयोगी पडते. परंतु साधेपणा आणि मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणाने सर्व काही सोडवावे असे कोणी म्हणत नाही. आपण काय सोडविले नाही हे त्याने सांगावे एवढीच मागणी आहे. पुढील अभ्यासक्रमात विद्यार्थी संहितेतील सूत्रे शिकतो हे खरे, परंतु ‘सुरक्षित’ हा शब्द उच्चारण्याची सवय त्याला याच प्रकरणात लागते.

म्हणून या उदाहरणास चार पुस्त्या जोडाव्यात अशी सूचना आहे. पहिली : दाब न देता ठिकाण द्यावे, आणि मानकातून वेग काढून दाब विद्यार्थ्यानेच ठरवावा. दुसरी : नमन, पीळ, कर्तन, वजन व खांबावरील वारा यांपैकी प्रत्येकाने अंतिम उत्तरात किती टक्के भर घातली याचे कोष्टक मागावे, उपेक्षणीय काय ते त्या कोष्टकावरून कळेल. तिसरी : ‘अ’ व ‘ब’ बिंदू देऊ नयेत, महत्तम बिंदू शोधावयास लावावे आणि दार कोणत्या बाजूस ठेवावे हे विचारावे. चौथी : जमिनीखालच्या तिरप्या रेघा पुसून तेथे एक ठोकळा काढावा, आणि खांब आधी मोडेल की ठोकळा आधी उलथेल, हा प्रश्न शेवटी ठेवावा.

या चार पुस्त्यांना नवे गणित लागत नाही. वर जे जे आकडे काढले ते सर्व त्याच पुस्तकातील सूत्रांनी, एका तासिकेत काढता येतील असे आहेत. वाढेल ती विचारण्याची सवय. मोरचे वर्तुळ १८८२ पासून आपले काम चोख बजावीत आले आहे. त्यात जे आकडे घातले जातात त्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.